शाळेत जर्मन-जपानी शिकवताय? या चुका टाळा

जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि साताऱ्या-सांगलीकडच्या हायस्कुलांतही जर्मनचा विषय निघू लागला. जपानीची ओढ त्याआधीची आहे. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं २०२० मध्येच जपानी शिकत होती. आपल्याकडे असा वर्ग सुरू होतो जोरात, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरं गळायला लागतात. भाषा अवघड म्हणून ती गळत नाहीत. आपण शिकवतो ते चुकतं.

इंग्रजीतून शिकवू नका

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. बाजारातली पुस्तकं आणि यूट्यूबवरचे धडे बहुतेक इंग्रजीतले. शिक्षक तेच फळ्यावर उतरवतात. मग दहिवडीच्या किंवा जतच्या मराठी माध्यमातल्या पोराला आधी इंग्रजीशी झटावं लागतं आणि उरलेल्या जोरात जर्मनशी. खरं तर मराठीतून गेलं तर वाट कितीतरी जवळची आहे.

आकडे घ्या. एकवीस म्हणताना आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो. जर्मनही तसंच म्हणतो: आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश, एक आणि वीस. इंग्रजीच्या ‘ट्वेंटी-वन’वरून गेलेलं पोर इथे हमखास उलटं बोलतं. पंचेचाळीस येणाऱ्याला फ्युन्फ-उन्ट-फिअर्त्सिश का अडावं? उच्चारांचंही तेच. जर्मन ‘झेड’ अक्षराचा आवाज म्हणजे चूल, चाक, चमचा यांतला आपला च. इंग्रजीची सवय लागलेली मुलं दहाच्या ‘त्सेन’ला ‘झेन’ म्हणतात. चुलीतला च म्हणा म्हटलं की जमतं.

वाक्यरचना तर बघाच. ‘वाइल इश क्रांक बिन’: कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द लागतो, क्रियापद शेवटी. जर्मनमधल्या प्रत्येक वाक्यात असं होत नाही. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं आणि ते वेगळं घोटवून घ्यावं लागतं. जपानीत मात्र क्रियापद शेवटीच. ‘गाक्को-नि इकिमास’ म्हणजे शाळे-ला जातो. आपल्याकडची पोरं शाळेला जातात, तेव्हा हा ‘ला’ त्यांना शिकवावाच लागत नाही, फक्त दाखवून द्यावा लागतो.

लिंगाचं मात्र जपून. वस्तूलाही लिंग असतं याचं मराठी पोराला नवल वाटत नाही, ही मोठी सोय. पण लिंगं जुळतील असं नाही: जर्मनमध्ये चंद्र पुल्लिंगी आणि सूर्य स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम पहिल्या दिवसापासून लिंग दाखवणारा डेर (पुल्लिंग), डी (स्त्रीलिंग) किंवा डास (नपुंसकलिंग) लावूनच वहीत उतरवायचं.

देवनागरीची कुबडी वेळेत काढा

पहिले काही दिवस उच्चार देवनागरीत लिहायला हरकत नाही. सहामाहीपर्यंत तेच चाललं, तर पोरं जपानी वाचायला शिकतच नाहीत. हिरागाना म्हणजे जपानीची पहिली शिकायची अक्षरमाला, तिची मूळ अक्षरं ४६. रोज दोन-तीन घेतली तर महिन्याभरात होतात. कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांची, घाई नको.

तास कुठे बसवता त्यावर सगळं ठरतं

दहावीच्या वेळापत्रकात मराठी, हिंदी, इंग्रजी असतातच, म्हणून ही भाषा शाळा सुटल्यावर घेतली जाते. इथेच घात होतो. माण-खटावच्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलामुलींना एसटी गाठायची असते. मुलींना तर घरून उशिराची परवानगीच मिळत नाही. मग वर्गात उरतात गावातली चार पोरं आणि शाळा म्हणते, मुलांना आवड नाही. हा तास परिपाठाआधी किंवा मधल्या सुट्टीला लागून घ्या. रोज वीस मिनिटं मिळाली तरी शनिवारच्या सलग दोन तासांपेक्षा ती जास्त उपयोगाची. शाळेला वसतिगृह असेल तर संध्याकाळचा अर्धा तास निव्वळ बोलण्यासाठी ठेवा.

गणितही आधी मांडा. जर्मनची पहिली पायरी, म्हणजे ए१, गाठायला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेचा अंदाज आहे. आठवड्याला दोन तास धरले तर सुट्ट्या, परीक्षा आणि स्नेहसंमेलन वजा जाता वर्षाला साठेक हाती लागतात. म्हणून वर्ग आठवीत सुरू करा. नववीच्या शेवटी सुरू करून दहावीत बंद पडू देऊ नका.

पाठांतराला बोलणं समजू नका

पाहुणे आले की एक मुलगी जपानीत स्वागत करते, टाळ्या पडतात. तिला त्याच भाषेत ‘तुझं गाव कोणतं?’ विचारलं तर ती गप्प होते. चूक तिची नाही, तिला कुणी प्रश्न विचारलेलाच नसतो. परीक्षेच्या नादातही हेच होतं. जपानीच्या एन५ या सगळ्यांत खालच्या पायरीच्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही, नुसते पर्याय निवडायचे असतात. तेवढीच तयारी करून घेतली तर प्रमाणपत्र येतं, तोंड उघडत नाही. रोज दोघादोघांना उभं करा आणि घर, शेत, जेवण, बाजार यांवर प्रश्नोत्तरं घ्या. चुकू द्या. मध्येच तोडू नका.

शिक्षकांच्या बदलीचा विचार पहिल्याच वर्षी करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे गुरुजी किंवा बाई गेल्या की वर्ग बुडतो. सोबत दुसऱ्या एका शिक्षकाला बसवा आणि कुठपर्यंत आलो याची नोंद शाळेच्या दप्तरी ठेवा.

आणि पालकसभेत जर्मनीतल्या नोकरीचं आमिष दाखवू नका. तिथे परिचारिका म्हणून काम करायला सहसा बी२ लागतं, ए१ च्या तीन पायऱ्या वर. शाळेत एखादी पायरी होईल, फार तर दोन. पुढचं शिक्षण बारावीनंतर आणि खर्चाचं. हे आईवडिलांना पहिल्याच सभेत सांगा, म्हणजे कर्ज काढून एजंटाच्या दारात कुणी उभं राहणार नाही.