वावरातलं पाणी वावरातच जिरवायचं असेल तर

जैसलमेरकडं पाऊस किती कमी, तरी तिथले लोक उताराच्या खालच्या अंगाला लांब मातीचा बांध घालतात, त्याला खडीन म्हणतात, अन् पाणी जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घेतात. आपल्याकडं त्याच्या कितीतरी पट पडतो अन् मार्चात विहिरी खाली, जीव तुटतो बघून.

आपल्या वावरात पाणी अडवायला पहिले लेव्हल काढा, म्हणजे उतारावर एकाच उंचीची आडवी रेघ, मशीन नाही लागत. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधा, मधात आडवी काडी, वरून दोरीला दगड. उभं करून दोरी काडीवर जिथं येते तिथं खूण, मग दोन्ही पायांची जागा अदलाबदल करून परत खूण, आता दोरी या दोन खुणांच्या बरोबर मधात आली की दोन्ही पाय एका लेव्हलला. असं सरकत सरकत चुन्याची रेघ मारा, घाई करू नका, सगळं काम यावरच आहे.

रेघेवर चर खोदा, माती खालच्या बाजूला. जास्तीचं पाणी निघायला दगडाचा सांडवा ठेवाच, आमचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, पहिल्याच जोरदार पावसात फुटला होता. भरावावर सीताफळ, शेवगा लावा. भारी काळ्या मातीत मात्र पाणी तुंबवू नका, तूर उधळते, म्हणजे उभी वाळते, तिथं चराला थोडा उतार द्या.