जुनी हॉबी १६ घेताना

हॉबी १६ या शिडाच्या बोटीचा भाव मे महिन्यात करा. पावसाळ्याचे चार महिने बोट ठेवायची कुठे, या काळजीने मालक नरम आलेला असतो. दुरुस्ती मात्र दिवाळीनंतर काढा. का, ते पुढे सांगते.

हॉबी १६ म्हणजे दोन सडपातळ हल (पाण्यावर तरंगणारी पोकळ धडं), त्यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड आणि एक डोलकाठी. वजन साधारण १४५ किलो. शीड शिवता येतं, दोर बदलता येतात, सुकाणूचे बुश नवे बसतात. हल गेला की बोट गेली. म्हणून रंगीत शिडावर मी नजर टाकत नाही, आधी पाच रुपयाचं नाणं काढून हल ठोकते. आमच्या माहीमच्या कोळीवाड्यात जुने सुतार होडीच्या फळ्या अशाच ठोकून बघायचे.

हलची भिंत सलग नसते; फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये फोम. वर्षानुवर्षांच्या ताणाने, आत शिरलेल्या पाण्याने थर फोमपासून सुटतो. चांगल्या जागी टणटणीत वाजतं, सुटलेल्या जागी बद्द. कलिंगड ठोकून घेणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. चौकटीच्या पुढच्या पायांच्या समोरचा डेक, म्हणजे हलची वरची बाजू, सगळ्यात बारकाईने बघा. भार तिथे येतो, हल मोडतो तोही तिथेच. अंगठ्याने दाबा आणि मऊ लागेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा, मालकासमोरच. घासाघीस निम्मी तिथेच होते. तळहाताएवढा भाग दुरुस्त होतो. हातभर पसरला असेल तर बोट कितीही स्वस्त असो, सोडा.

या बोटीला सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडायची फळी) नाही, त्यामुळे लोक ती वाळूवरून सर्रास ओढतात. तळाच्या कडेला फायबरचे धागे दिसत असतील तर नवे थर चढवण्याचा खर्च धरा. मग बुचाच्या भोकात नळी घट्ट बसवून तोंडाने फुंका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे गळती. कॉम्प्रेसर लावू नका, सांधाच उसवेल.

आता मऊ भागाची दुरुस्ती. हल महिनाभर सावलीत, बुचं काढून वाळू द्या. खुणेच्या आत इंचा-इंचावर बारीक भोकं पाडा, पण फक्त वरच्या थरातून. ड्रिलच्या बिटला चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन) औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने एका कडेपासून भरत जा. शेजारच्या भोकातून वर आली की पहिलं भोक टेपने बंद करा आणि पुढे सरका. शेवटी प्लॅस्टिक अंथरून वाळूच्या पिशव्या ठेवा. किनाऱ्यावरचे फायबरवाले सवयीने पॉलिएस्टर रेझिन सुचवतील. होडीला नवा थर द्यायला ते ठीक, पण सुकलेल्या जुन्या फायबरला इपॉक्सीच जास्त घट्ट धरते. हार्डनर वजनकाट्यावर मोजा, डब्यावर लिहिलंय तेवढाच. जास्त घातल्याने लवकर सुकतं, हा गैरसमज आहे. मुंबईच्या पावसाळी दमटपणात इपॉक्सीवर चिकट थर धरतो, आणि मेच्या उकाड्यात ती वाटीतच तापून घट्ट होते. दिवाळीनंतरच्या संध्याकाळी बऱ्या. घासकाम मास्क लावून, आणि कृपा करून सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको.

डोलकाठी धरणाऱ्या तारा दिसायला कशाही असोत, बदला. एक तार तुटली की काठी खाली येते, आणि तार कुजते ती टोकाच्या दाबलेल्या नळीच्या आत, जिथे डोळा पोचत नाही. नागदेवी स्ट्रीटवर तार मागताना ‘३१६ स्टेनलेस, १ बाय १९’ (एका पिळात १९ तंतू) असं स्पष्ट सांगा. दुकानदार चुंबक लावून दाखवेल. त्याने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

डोलकाठी आडवी धरून हलवा. आत पाणी खळखळलं तर टोकांचं सील गेलंय. अशी बोट कलंडली की काठी तरंगत नाही आणि बोट पार उलटी होते. काठी आठ मीटरची, साध्या टेम्पोत मावत नाही. चौकटीवरच्या कापडाची शिलाई नखाने खरवडा, धागा भुगा झाला असेल तर ताडपत्री शिवणाऱ्याकडे द्या.

पहिल्या फेरीनंतर दोन्ही बुचं काढून पाणी मोजा. कपभर आलं तर चालतं. बादलीभर आलं तर चौकटीच्या पायांभोवती आणि सुकाणूच्या स्क्रूंपाशी शोधा. उभ्या बोटीची बुचं बाहेरच ठेवा, उन्हात आतली हवा फुगून सांधे ताणते.