ग्रामसडकेचा प्रस्ताव: मंजुरीआधी जमीन आणि माती पाहा

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० पासून चालू आहे. योजना केंद्राची, पण रस्ता राज्याचा. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यात ६० टक्के खर्च केंद्र देते, ४० टक्के राज्य. जमिनीच्या मोबदल्याला योजनेत पैसा नाही. निविदा जादा दराने गेली तर तो फरकही राज्यानेच भरायचा. त्यामुळे प्रस्ताव अडकतो तो बहुधा बांधावर.

डीपीआर (रस्त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल) लिहिण्याआधी शाखा अभियंत्याने सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांना घेऊन पूर्ण आखणी पायी फिरावी. हातात गाव नकाशा आणि सातबारे हवेत. वहिवाटीतली गाडीवाट नकाशावर अरुंद असते, कधी नसतेच. सपाट भागात रस्त्याची एकूण रुंदी ७.५ मीटर आणि डांबरी पट्टा ३.७५ मीटर धरतात. दिवसाला १०० पेक्षा कमी वाहने असलेल्या जोडरस्त्याला ६ आणि ३ मीटर चालतात. गटार आणि भरावाचा उतार यात येत नाही, त्याची जागा वेगळी लागते. हे माप दोरी लावून जागेवरच दाखवा. विहीर, विजेचे खांब, वनजमीन कोणत्या साखळीवर (रस्त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर) येते ते लिहून घ्या.

जमिनीची संमती लेखीच घ्या आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची घ्या. एका भावाची सही असली तरी काम सुरू झाल्यावर दुसरा जेसीबीसमोर उभा राहतो. फेरीच्या नोंदींना ग्रामपंचायतीची मान्यता घेऊन त्या डीपीआरला जोडा.

मातीचा सीबीआर, म्हणजे ती किती भार पेलते याचा आकडा, नमुना ४ दिवस भिजवूनच काढा. काळ्या मातीचा कोरडा आकडा फसवा असतो. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि साइडपट्टीपासून डांबर तुटू लागते. वाहनांची मोजणी सलग ३ दिवस, २४ तास करा, आणि सुगीत पुन्हा. उसाच्या ट्रॉल्या हिशेबात आल्या नाहीत तर खडीचा थर पातळ पडतो.

पुढची ५ वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते, पैसे मात्र राज्याचे. त्याची वर्षनिहाय तरतूद प्रस्तावासोबतच मागा. ती चुकली की मोऱ्या आणि गटारे तुंबतात, पाणी डांबरावर साचते आणि दुसऱ्या पावसाळ्यात खड्डे दिसू लागतात. देखभालीचे बिल मंजूर करण्याआधी मोऱ्या उपसल्याची जागेवर खात्री करा, मेअखेरीस.