बिलिंगचा सर्व्हर: आधी डेटाबेस, मग ऑपरेटिंग सिस्टिम
रत्नागिरी-मालवणकडे दुकानाच्या बिलिंगसाठी सर्व्हर उभारताना एक लक्षात ठेवा: पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस घ्या आणि वेगासाठी त्यातलं एफसिंक (नोंद खरोखर डिस्कवर लिहिली गेली याची खात्री करणारं सेटिंग) कधीही बंद करू नका. ते बंद असेल तर वीज जाताच अख्खा डेटा बिघडू शकतो. रकमेच्या रकान्याला न्यूमेरिक (अचूक दशांश) प्रकार द्या, फ्लोट या अंदाजे आकडा ठेवणाऱ्या प्रकारात पैशांची बेरीज चुकते.

बिल क्रमांक सीक्वेन्सवर, म्हणजे डेटाबेसच्या आपोआप पुढचा आकडा देणाऱ्या सोयीवर, सोडू नका. ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा किंवा पूर्ण रद्द होणारा नोंदींचा गट) रद्द झालं तरी सीक्वेन्सचा आकडा पुढे सरकतो, आणि जीएसटीला सलग क्रमांक लागतात, कमाल 16 अक्षरी. शेवटचा क्रमांक वेगळ्या टेबलात ठेवा आणि त्यातली ओळ लॉक करून (म्हणजे तेवढ्या वेळात दुसरं कोणी ती बदलू शकणार नाही) बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये क्रमांक वाढवा. स्टॉक, वसुली ही सॉफ्टवेअरची बाकीची मॉड्यूल्स (भाग) त्या टेबलाला हात लावणार नाहीत असं बघा.

सर्व्हरला उबुंटू 24.04 एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) ही ऑपरेटिंग सिस्टिम पुरे. काउंटरवर विंडोज 10 असेल तर बदला, तिचा नेहमीचा सपोर्ट संपला आहे; पण आधी बिलाचा प्रिंटर नव्या सिस्टिमवर छापतोय ना, ते तपासा.