सोरायसिसची गोळी: वार ठरवा, डबी वेगळी ठेवा

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची; फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या इतर दिवशी. दोन्ही गोळ्या बारक्या, बऱ्याचदा दोन्ही पिवळ्या. अदलाबदल झाली तर जिवावर बेतू शकतं.

१. वार पक्का करा. सोमवारी सिद्धेश्वराचा उपास धरत असाल तर तो वार नको, रिकाम्या पोटी मळमळ वाढते.
२. मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर मार्करने वार ठळक लिहा. त्या आठवड्याची गोळी तेवढी डबीत, बाकी कपाटात.
३. गोळी रात्री जेवण झाल्यावर घ्या, मळमळ बरीचशी झोपेत निघून जाते. त्या रात्री शेंगाचटणी राहू द्या (जिवावर येतं, कबूल), दहीभात बरा.

तोंड आलं, ताप आला किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांना फोन करा, त्याआधी पुढची गोळी घेऊ नका.