फिल्मवर स्ट्रीट फोटोग्राफी: प्रयोग करत करत आपली स्टाईल कशी शोधायची

फिल्मवर रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच की आपल्या फोटोंना आपला असा चेहरा नाही, आणि मग सुरू होतं नवीन कॅमेरा, वेगळी लेन्स, दर वेळी वेगळा रोल. माझं मत असं आहे की जेवढं बदलत राहाल तेवढी स्टाईल सापडायला उशीर होईल, कारण फोटोत जे वेगळं दिसतंय ते तुमच्या नजरेमुळे की फिल्ममुळे हेच कळत नाही. म्हणून प्रयोग भरपूर करा पण एका वेळी एकच.

सुरुवातीला सगळं फिक्स करून टाका. एक कॅमेरा, एक लेन्स (३५ किंवा ५० एमएम, जी हातात असेल ती) आणि एकच फिल्म. फिल्म शक्यतो ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म लाइटला किती संवेदनशील आहे तो आकडा) ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे कोडॅक ट्राय-एक्स किंवा इलफर्ड एचपी५ प्लस, कारण या दोन्ही खूप सांभाळून घेतात, एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे लाइट दुप्पट) जास्त लाइट पडला तरी फोटो व्यवस्थित निघतो. कमी लाइटचं मात्र तसं नाही, सावलीतलं काही निगेटिव्हवर उमटलंच नसेल तर स्कॅनमधे कितीही उजळ करा, नुसता करडा राडा दिसतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा थोडा जास्त लाइट द्या. (स्लाइड फिल्मचं, म्हणजे जिच्यावर निगेटिव्ह न येता थेट चित्रच येतं तिचं, बरोब्बर उलटं असतं, ती जास्त लाइटला लगेच पांढरी होते, म्हणून सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका.)

आता कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच तयार ठेवायची सवय लावायची. ४०० च्या फिल्मला कडक उन्हात अॅपर्चर (लेन्समधलं छिद्र, आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ/१६ आणि शटर १/५०० सेकंद हा जुना हिशोब अजूनही चालतो, ढगाळ असेल तर एफ/८, इमारतींच्या मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४. फोकसचं पण तसंच. ३५ ची लेन्स एफ/८ वर ठेवून फोकसची रिंग ३ मीटरवर आणली की साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं शार्प येतं, लेन्सवर अंतराचे आकडे आणि त्याखाली अॅपर्चरच्या रेघा असतात त्यात हे चक्क वाचता येतं. मग रस्त्यावर फोकस करत बसायचंच नाही, माणूस त्या पट्ट्यात आला की क्लिक. ३ मीटर म्हणजे नक्की किती हे डोळ्याला कळावं म्हणून घरातल्या घरात जमिनीवर मोजून बघा, साधारण चार पावलं होतात, ते अंतर एकदा अंगात बसलं की अर्धं काम झालं. चालत्या माणसांसाठी शटर १/२५० च्या खाली नेऊ नका, हललेलाच फोटो हवा असेल तर गोष्ट वेगळी.

असे काही रोल झाले आणि हात बसला की मग प्रयोग. फिल्म पुश करणं, म्हणजे मुद्दाम कमी लाइट देऊन ते डेव्हलप करताना भरून काढणं, हा सगळ्यात सोपा प्रयोग आहे, तीच ४०० ची फिल्म कॅमेऱ्याच्या लाइट मीटरवर आयएसओ १६०० लावून पूर्ण रोल काढायचा आणि लॅबला आठवणीने सांगायचं की दोन स्टॉप पुश करा. ग्रेन (फोटोत दिसणारे दाणे) वाढतो, काळं एकदम गडद होतं, सावलीतले डिटेल्स जातात. जपानी स्ट्रीट फोटोग्राफर दायदो मोरियामाचे फोटो बघितले असतील तर हा खरखरीत काळा रंग ओळखीचा वाटेल, पण तो तुम्हाला स्वतःला झेपतो का हे दोन-तीन रोल काढल्याशिवाय कळत नाही. नाही आवडला तर तेही कळणं कामाचंच आहे. दुसरा प्रयोग अंतराचा, एक अख्खा रोल फोकस दीड मीटरवर ठेवून काढा. घाबरायला होतं, आणि लोकांशी नजरानजर होते म्हणून फोटोही वेगळेच येतात. कुणी नको म्हणालं, वैतागलं, तर कॅमेरा खाली, हसून पुढे जायचं, त्यात वाद घालायचा नसतो. याच्या उलट सॉल लायटर, हा माणूस ५० च्या दशकात न्यूयॉर्कमधे रंगीत फिल्मवर, बऱ्याचदा टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स लावून, ओल्या काचांमधून फोटो काढत होता जेव्हा सिरियस फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटच असं लोक धरून चालायचे. म्हणजे स्ट्रीट म्हटलं की जवळच जायला पाहिजे असा काही नियम नाहीये.

प्रत्येक रोलची नोंद ठेवा, खिशात छोटी वही पुरे. रोल नंबर, आयएसओ, ऊन होतं की सावली आणि या रोलमधे काय करून बघत होतो ते एका ओळीत. रोल संपल्यावर डब्यावर तोच नंबर घाला.

आणि रोल लगेच डेव्हलप करू नका. अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड मुद्दाम वर्ष-वर्ष थांबायचा, कारण फोटो काढताना वाटलेली मजा आपण फोटोतच आहे असं समजून बसतो. १९८४ मधे तो गेला तेव्हा त्याचे जवळपास २,५०० रोल डेव्हलप न केलेले पडून होते, तेवढं टोक गाठायची गरज नाही, पण महिनाभर थांबा, तो फोटो दुसऱ्या कुणी काढलाय असा बघता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, कॉन्टॅक्ट शीट. अख्ख्या रोलच्या ३६ फ्रेम एका कागदावर, लॅबकडून स्कॅन आले असतील तर त्याच क्रमाने छोट्या साइझमधे प्रिंट करा. एकही फोटो वगळायचा नाही. भिंग घेऊन बसा आणि सलग वाचा. समजा एका कोपऱ्यावर तुम्ही पाच फ्रेम काढल्यात, पहिल्या दोनमधे छत्रीवाला माणूस बरोब्बर मधे आहे, तिसऱ्यात तो अर्धा बाहेर गेलाय आणि मागे भिंतीवर त्याची सावली उरलीये, चौथी-पाचवी नुसती भिंत. काढताना तुम्हाला पहिली हवी होती, पण चांगली तिसरी आहे. पेन्सिलने तिच्यावर खूण करा, आणि आधीच्या शीट्सवर बघा, अशी माणूस निसटून गेल्यावरची फ्रेम अजून कुठे आहे का. असली तर ती योगायोगाने आलेली नाही, तिथे तुमची नजर काहीतरी मागतीये. मी स्टाईल म्हणतो ती हीच, आणि ती चांगल्या फोटोंपेक्षा या अर्धवट फ्रेम्समधे आधी दिसते.

आठ-दहा रोल झाले की खुणा केलेल्या फ्रेम्सचे छोटे प्रिंट काढून जमिनीवर पसरा आणि जे एकमेकांशेजारी शोभतात त्यांचे ढीग करा. लाइक्स जास्त मिळाले, काढायला त्रास झाला, असली कारणं मधे आणायची नाहीत. जो फोटो दुसऱ्या कुणासारखा दिसतोय म्हणून आवडलाय तो बाजूला काढा, जरा जड जातं पण काढा. सगळ्यात मोठा ढीग कशाचा आहे ते वहीत लिहा, पाठमोरी माणसं, काचेतली प्रतिबिंबं, फ्रेमच्या कडेला तुटलेले हात, जे असेल ते. पुढचे तीन रोल फक्त त्यावरच काढायचे, त्याच लेन्सवर, आणि फिल्म किंवा अंतर यातलं काहीतरी एकच बदलून.