मॅन्युअल गिअरबॉक्सचे ऑइल कसे बदलावे

इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलणाऱ्यांनाही गिअरबॉक्समध्ये वेगळे ऑइल असते याचा बहुधा विसर पडतो. तिथे ज्वलन होत नसल्यामुळे ते काजळीने काळे पडत नाही आणि जास्त टिकते. मात्र गिअरच्या दातांच्या दाबाखाली त्याचा दाटपणा उतरत जातो आणि झिजलेल्या धातूचे कण त्यात साचतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत डिफरन्शियलही (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) त्याच पेटीत असते, त्यामुळे त्याचीही झीज याच ऑइलवर अवलंबून असते. ‘हे ऑइल आयुष्यभराचे आहे’ असे अनेक जण सांगतात. कोणाच्या आयुष्याचे, ते मात्र सांगत नाहीत.

गाडी थोडा वेळ चालवून ऑइल कोमट करावे. मग ती सपाट जमिनीवर, चारही बाजूंनी सारख्या उंचीवर, स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचे: खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी वरचा, म्हणजे ऑइल भरण्याचा फिलर प्लग सैल करून पाहावा. पहिल्या वेळी मी हा क्रम उलटा केला. ऑइल सगळे ताटात उतरले आणि त्यानंतर फिलर प्लग हलेना. घाईत सैल बसणारा पाना लावल्यामुळे प्लगची खाच झिजली आणि गाडी रिकाम्या गिअरबॉक्ससह दोन दिवस उभी राहिली. भरण्याची वाट मोकळी झाल्याशिवाय काढण्याची वाट उघडू नये, हा नियम मी त्यानंतर एकदाही मोडलेला नाही.

प्लग अडकतो याचे कारण साधे आहे: अनेक गाड्यांत पेटी ॲल्युमिनियमची आणि प्लग पोलादी असतो, आणि ओलाव्यामुळे या दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो. म्हणून आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, खाचेतील माती टोकदार वस्तूने पूर्ण काढावी आणि नेमक्या मापाचा पाना हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवावा. त्यानंतर लांब दांड्याने सलग, वाढता जोर द्यावा. झटके देणाऱ्या यंत्राचा सल्ला अनेक जण देतात. मला तो अजिबात पटत नाही, कारण प्लगऐवजी पेटीचे आटेच निघण्याचा धोका असतो. गाडीखाली आडवे असताना दिशेचाही घोळ होतो, म्हणून प्लगच्या तोंडासमोरून पाहून घड्याळाच्या उलट दिशा आधी पक्की करावी. काही गाड्यांत बाजूचा फिलर प्लगच नसतो आणि रिव्हर्स स्विचच्या (मागचा गिअर टाकल्यावर मागचे दिवे लावणाऱ्या बटणाच्या) छिद्रातून ऑइल भरावे लागते; ते त्या गाडीच्या माहितीपुस्तकात पाहावे.

फिलर प्लग सुटला की ड्रेन प्लग उघडून ऑइल थेंबावर येईपर्यंत उतरू द्यावे. ड्रेन प्लगला चुंबक असल्यास त्यावरील करडा, गंधासारखा लेप नेहमीचाच असतो. बोटाला टोचणारे तुकडे दिसले, तर नवे ऑइल भरण्याआधी गिअरबॉक्स जाणकाराला दाखवावा.

ऑइल निवडताना ‘७५डब्ल्यू-९०’ एवढाच दाटपणाचा आकडा पाहून भागत नाही, जीएल हा दर्जाही पाहावा लागतो. जीएल-४ सांगितले असेल तिथे ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ घालू नये. गिअर बदलताना सिंक्रोनायझरच्या (जुळणाऱ्या गिअरचा वेग सारखा करणाऱ्या भागाच्या) पितळी कडीला पकड घ्यावी लागते, आणि जीएल-५ मधील दाब सोसणाऱ्या रसायनांचे जास्त प्रमाण त्या पकडीला बाधू शकते.

नवा वॉशर लावून ड्रेन प्लग माहितीपुस्तकातील मापाइतकाच आवळावा आणि हातपंपाने ऑइल भरावे. बाजूचा फिलर प्लग असलेल्या बहुतेक गाड्यांत छिद्राच्या खालच्या कडेवरून ऑइल ओघळू लागले की पातळी पुरी झाली. जास्तीचे ऑइल निथळू द्यावे, ‘थोडे असू दे’ म्हणून आत कोंडू नये. वाढीव ऑइल घुसळून तापते आणि सीलमधून वाट काढते. फिलर प्लगही नव्या वॉशरसह लावून गाडी थोडी फिरवून आणावी, रात्री गिअरबॉक्सखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि सकाळी त्यावर डाग दिसल्यास आधी दोन्ही प्लग तपासावेत.